कार्डशीट घ्यावी ती फाडून बघून

कपाटात जपून ठेवलेली एखादी जुनी लग्नपत्रिका काढावी आणि तिच्या घडीकडे निरखून पाहावं. पत्रिका मरून किंवा गडद लाल असेल, तर घडीवर हमखास एक पांढरी रेघ दिसते. रंगाचे बारीक पापुद्रे सुटलेले असतात आणि कडा दाताने कुरतडल्यासारख्या दिसतात. पत्रिका छापणाऱ्याने सोनेरी गणपती उत्तम उमटवला, मजकुरात एकही चूक ठेवली नाही, पण कागदाने दगा दिला. कार्डशीटचं निम्मं शास्त्र या एका रेघेत सापडतं. रंग फक्त वरवर चढवलेला होता, आतला गाभा पांढराच होता आणि घडी तंतूंच्या आडवी पडली होती.

हाताने ग्रीटिंग बनवणारे, ठसे उमटवून भेटकार्डं सजवणारे, कागदाची फुलं आणि कंदील करणारे आता घरोघरी भेटतात. रबरी ठसे, पारदर्शक पॉलिमरचे ठसे, शाईची पॅड, नक्षीचे कटर, दुतोंडी टेप यांवर माणसं हौसेने पैसे घालतात. कागदाची पाळी शेवटी येते. बहुतेक हिरमोड तिथेच होतो. ठसा चांगला आहे, शाई चांगली आहे, हातही बसला आहे, तरी पाकळ्यांच्या कडा पसरट उमटतात. मग दोष ठशाला दिला जातो आणि नवा ठसा घेतला जातो.

हा छंद आजच्या रूपात आपल्याकडे आला तो मुख्यतः अमेरिकेतून, आणि येताना तिकडची परिभाषाही घेऊन आला. तिथल्या शिकवणीत ‘ऐंशी पौंडी कव्हर’, ‘एकशे दहा पौंडी कार्डस्टॉक’ असे शब्द असतात. नीना कंपनीचा ‘सोलर व्हाइट’ हा तिथल्या ठसेवाल्यांचा लाडका पांढरा कागद, त्याचं नावही कानावर पडत राहतं. ते ऐकून कोणी पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेलं आणि पौंड मागू लागलं, तर काउंटरमागचा माणूस एवढंच विचारतो, “दोनशे देऊ की तीनशे?”

हे दोनशे आणि तीनशे म्हणजे जीएसएम, एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. हिशेब सोपा आहे, कारण ‘ए’ मालिकेचे आकारच चौरस मीटरवर बेतलेले आहेत. ए-० म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. तो चार वेळा अर्धा केला की ए-४ मिळतो, म्हणजे सोळावा भाग. ही मापं जर्मनीत १९२२ साली वॉल्टर पोर्स्टमान यांनी मानक म्हणून बसवली. लांबी-रुंदीचं प्रमाण १.४१४ ठेवल्यामुळे कागद कितीदाही अर्धा केला तरी आकाराचा तोल बिघडत नाही. साध्या झेरॉक्सचा ८० जीएसएमचा ए-४ कागद म्हणूनच बरोबर ५ ग्रॅम भरतो. २४० जीएसएमचं कार्ड १५ ग्रॅम भरायला हवं. स्वयंपाकघरात केक-बिस्किटांसाठी आणलेला डिजिटल काटा असेल, तर पाकिटावरचा आकडा खरा की नुसता छापलेला, हे दहा पानं एकदम तोलून लगेच कळतं.

अमेरिकी पौंडाचं गणित मात्र डोकं फिरवणारं आहे. तिथे ५०० तावांचं वजन पौंडात सांगतात, पण तावाचा मूळ आकार कागदाच्या जातीप्रमाणे बदलतो. ‘कव्हर’ जातीचा ताव २० बाय २६ इंची, ‘टेक्स्ट’चा २५ बाय ३८, ‘इंडेक्स’चा आणखी वेगळा. त्यामुळे ८० पौंडी कव्हर साधारण २१६ जीएसएम भरतो, तर ८० पौंडी टेक्स्ट जेमतेम ११८. त्याहून मोठी गंमत म्हणजे ११० पौंडी इंडेक्स जवळपास २०० जीएसएमचा असतो. म्हणजे नावात एकशे दहा असूनही तो ऐंशी पौंडी कव्हरपेक्षा हलका! परदेशातल्या नातेवाइकांकडून ‘जाड’ कागद मागवणाऱ्यांनी पौंडामागचा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ११० पौंडी कव्हर मात्र आपल्या ३०० जीएसएमच्या अगदी जवळ जातो.

मग घ्यायचं किती? उभं राहणाऱ्या कार्डाच्या मुख्य घडीसाठी २५० ते ३०० जीएसएम हवं. त्यावर चिकटवायच्या ठशाच्या पट्टीला १६० ते २२० पुरतं. आत लिहायच्या पानाला आणि पाकिटाला १०० ते १२० खूप झालं. नवखा माणूस सगळंच ३०० मध्ये करतो, आणि थरावर थर चढत कार्डाचं पोळपाट होतं.

याला टपालाचाही एक हिशेब आहे. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ए-४ कागद अर्धा करून त्याची घडी घातली की ए-६ आकाराचं कार्ड होतं. ३०० जीएसएममध्ये त्याचं वजन ९.४ ग्रॅम. त्यावर २०० जीएसएमचा एक थर म्हणजे आणखी ३ ग्रॅम, पाकिटाचे ४ ते ५. इथवर बेरीज सतराच्या आसपास राहते. दुसरा थर चढवला की काटा विसाला टेकतो, आणि वर दोन मोती किंवा लेसची फीत लागली की तिकीट कमी पडतं. दिवाळीत पंचवीस जणांना कार्डं धाडणाऱ्याने हे गणित कार्ड बनवण्याआधी करावं.

वजन म्हणजे जाडी नव्हे, इथे पुष्कळ जण फसतात. दोन कागद ३०० जीएसएमचेच असतात, पण एक बोटांत भरदार लागतो आणि दुसरा चपटा. भरदार असतो तो चांगला, असं बोटं सांगतात. बोटांवर इथे विश्वास ठेवू नये. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि कागद फुगवता येतो. पेट्यांसाठी बनणाऱ्या बोर्डात बाहेरचे थर रासायनिक लगद्याचे आणि मधला थर लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्याचा असतो. हा मधला थर फुगीर, हलका आणि स्वस्त. औषधांची, साबणांची खोकी यासाठी तो उत्तम, कारण कमी वजनात ताठपणा येतो. पण दळलेल्या लाकडात लिग्निन तसंच राहतं. उन्हात वर्तमानपत्र पिवळं पडतं ते याच लिग्निनमुळे.

म्हणून कार्डशीट फाडून बघायची. दुकानदाराकडे नमुन्याचा तुकडा किंवा कोपरा मागावा, तो बहुधा नाही म्हणत नाही. तुकडा हळूच फाडला की पोट दिसतं. आतून बाहेरून सारखाच पांढरा दिसला तर तो सबंध रासायनिक लगद्याचा बोर्ड, ठशासाठी आणि घडीसाठी सर्वांत भरवशाचा. आत पिवळसर, सायीसारखा थर दिसला तर तो फुगीर मधला थर. पाठ किंवा पोट करडं निघालं तर तो ड्युप्लेक्स, रद्दीपासून केलेला, मिठाईच्या खोक्यांचा जातभाई. त्याने शाळेच्या प्रकल्पाचं घर किंवा कंदिलाचा सांगाडा झकास होतो. भेटकार्ड त्याचं करू नये. बाजारात ‘आयव्हरी’ हे नाव फार सैल वापरलं जातं. एका दुकानातली आयव्हरी सबंध पांढरी निघते, दुसऱ्यातली मधे पिवळी. नाव विचारण्यापेक्षा कोपरा फाडणं बरं.

रंगीत शीटचीही हीच परीक्षा. लगद्यातच रंग मिसळलेला असेल तर फाटलेली कडसुद्धा त्याच रंगाची दिसते. वरून रंग दिलेला असेल तर कड पांढरी निघते, आणि पुढे घडीवर त्या लग्नपत्रिकेसारखी रेघ येते. पांढऱ्या गाभ्याची शीट टाकाऊ असते असं मात्र नाही. वरचा रंग सँडपेपरने किंचित घासून जुनाट, विटका परिणाम साधणारे कलाकार मुद्दाम तीच मागतात. फक्त तिची घडी घालायचा हट्ट धरू नये.

जाता जाता एका शब्दाची गफलत निस्तरायला हवी. मराठीत ‘क्राफ्ट पेपर’ म्हटलं की एकाच अक्षरांत दोन वस्तू येतात. एक हस्तकलेचा रंगीत कागद, ज्याने बालवाडीची टेबलं भरलेली असतात. दुसरा तपकिरी, चिवट कागद, ज्याच्या पिशव्या आणि वह्यांची कव्हरं होतात. दुसऱ्याचं नाव हस्तकलेवरून आलेलंच नाही. जर्मन भाषेत ‘क्राफ्ट’ म्हणजे ताकद. १८७९ च्या सुमारास कार्ल डाल यांनी लाकडातलं लिग्निन गंधकाच्या क्षारांनी विरघळवून लांब तंतू शाबूत ठेवण्याची पद्धत काढली आणि कागदाला विलक्षण बळकटी आली, त्यावरून ते नाव पडलं. हा तपकिरी कागद कार्डाच्या जाडीत मिळाला तर जरूर घ्यावा. पांढरी शाई आणि सोनेरी एम्बॉसिंग त्यावर जितकं खुलतं तितकं महागड्या मेटॅलिक शीटवर खुलत नाही. हस्तकलेच्या रंगीत कागदावर मात्र टिकाऊ काहीच करू नये. त्याचा रंग खिडकीजवळ एका उन्हाळ्यात उडतो.

आता शाईकडे. कागद चांगला की वाईट, हे खरं तर शाई ठरवते. ठशांच्या शायांच्या ढोबळ जाती तीन. रंगद्रव्य पाण्यात विरघळलेली ती डाय शाई. ती कागदात मुरते आणि मुरूनच सुकते. रंगाचे कण द्रवात तरंगत असलेली ती पिगमेंट शाई. ती दाट असते, वर बसते आणि सावकाश सुकते. तिसरी द्रावकाची, जी उडून जाऊन सुकते आणि काच-प्लास्टिकवरही बसते. ऑफिसातल्या शिक्क्याची जांभळी शाई डायच्याच घराण्यातली. पॅड लवकर वाळू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीनसारखा पदार्थ असतो, त्यामुळे गुळगुळीत कागदावर तासाभरानेही तिला बोट लागलं तर पसरते.

कागदाच्या बाजूने प्रश्न एकच, वर लेप आहे की नाही. आर्ट कार्डावर चिनी मातीचा किंवा चुनखडीच्या भुकटीचा लेप असतो. चाररंगी फोटो छापायला तो हवाच, कारण शाई आत न जाता वर झळकते. आपल्याकडे लग्नपत्रिका, कॅलेंडरं, मासिकांची मुखपृष्ठं त्यावर निघतात. पुणे जिल्ह्यात भिगवणला लेपाच्या कागदाचा मोठा कारखानाच आहे. पण हातातल्या ठशाला हाच लेप नडतो. डाय शाईला मुरायला जागा नाही, म्हणून ती थेंबाथेंबांनी गोळा होते. पिगमेंट शाई दिवसभर ओली राहते. आर्ट कार्डावर ठसा उमटवायचाच असेल तर द्रावकाची शाई घ्यावी. किंवा पिगमेंट शाईवर एम्बॉसिंगची भुकटी टाकून गरम हवेच्या गनने वितळवावी. भुकटीला शाई ओली असलेलीच हवी असते, त्यामुळे इथे दोषाचाच गुण होतो.

लेप नसलेला, पण घट्ट दाबून गुळगुळीत केलेला कागद हा ठसेकामाचा खरा सोबती. खरखरीत कागदावर ठशाची रेघ प्रत्येक खळग्याशी तुटते. ड्रॉइंग शीट किंवा जलरंगाचा दाणेदार कागद ३०० जीएसएमचा असला तरी बारीक अक्षरांचा ठसा त्यावर कधीच स्वच्छ उठत नाही. ठशाच्या चित्रात नंतर जलरंग भरायचे असतील तर तडजोड म्हणून दाणेदार कागदाची कमी खरखरीत बाजू वापरावी आणि ठसा ठसठशीत रेघांचा निवडावा. अल्कोहोल मार्करने रंगवायचं असेल तर आणखी एक अट येते. रंग आतल्या आत शेजारच्या रंगात मिसळायला हवा, पण रेघेबाहेर पाय पसरायला नको. त्यासाठी कागद घट्ट आणि एकजीव लागतो. ही परीक्षा घरीच होते. मार्करचा एक ठिपका देऊन दहापर्यंत आकडे मोजायचे. ठिपक्याची कड गोल राहिली तर कागद ठेवायचा. कडेला मुळ्या फुटल्या तर तो कागद लहान मुलांना द्यायचा.

गुळगुळीतपणाची गरज काही आजची नाही. बोरूने लिहिणाऱ्या कारकुनालाही तेच हवं होतं. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हाताने कागद बनत असे. त्या काळचे कागद करणारे तावाला खळ लावत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत. ‘घोटीव कागद’ हा शब्द तिथला. खळीमुळे शाई फुटत नसे आणि घोटल्यामुळे बोरू अडखळत नसे. आजच्या कारखान्यात हेच काम रसायनं आणि अवजड रूळ करतात. हातकागद चिंध्यांपासून, म्हणजे कापसाच्या लांब तंतूंपासून बनतो, म्हणून तो चिवट असतो आणि वयाने पिवळा पडत नाही. वर्ध्याला १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातकागदाच्या धंद्याला पुन्हा उभारी दिली. पुढे पुण्यातही हातकागदाचं केंद्र उभं राहिलं. भारतीय संविधानाच्या हिंदी हस्तलिखित प्रतीचा कागद तिथला.

कार्डांसाठी हातकागद वापरावा का? पार्श्वभूमीला, पाकिटाला, फुलांच्या पाकळ्यांना जरूर. फाटक्या कडांचं सौंदर्य यंत्राच्या कागदाला येत नाही. पण बारीक ठशासाठी नेहमीचा खडबडीत हातकागद कामाचा नाही. तिथे रुळाखालून दाबून काढलेला, हाताला चामड्यासारखा लागणारा प्रकार मागावा. तो किंचित महाग पडतो. घडी मात्र कोणत्याही दिशेने घाला, तो तक्रार करत नाही.

का करत नाही, हे समजलं की त्या लग्नपत्रिकेचं कोडंही सुटतं. हाताने बनवताना कारागीर चाळणी चारही बाजूंना हलवतो, त्यामुळे तंतू वाटेल तसे पसरतात. यंत्राचं तसं नसतं. फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर यांनी १७९९ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात लगदा सरकत्या जाळीवर ओतला जाई. पुढे इंग्लंडात फूर्द्रिनिए बंधूंच्या नावाने रुळलेली यंत्रं त्याच तत्त्वाची, आणि आजचे अजस्र कारखानेही. जाळी पुढे धावते, तंतू प्रवाहातल्या ओंडक्यांसारखे धावण्याच्या दिशेला वळतात आणि तसेच वाळतात. कापडाला जसा उभा आणि आडवा धागा असतो, तशी कागदाला एक चाल येते. छापखान्यात तिला ग्रेन म्हणतात.

चालीच्या दिशेने घातलेली घडी तंतूंच्या मधून जाते, म्हणून सुबक पडते. आडव्या घडीत शेकडो तंतू मोडतात आणि वरचा थर फुटतो. चाल ओळखायची रीत सोपी. शीट हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघायची. जिकडे सहज वाकते, वाकाची रेघ जिकडे पडते, ती चाल. खात्री नसेल तर चौरस तुकडा कापून एका बाजूने ओला करायचा. तो गुंडाळू लागतो, आणि त्या सुरळीचा आस चालीच्या दिशेला असतो. वर्तमानपत्राचं कात्रण एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं, हेही त्याचमुळे.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. बाजारातले ए-४ कागद बहुतेक लांबीच्या चालीचे असतात. असा ए-४ मधोमध दुमडून ए-५ कार्ड केलं तर घडी चालीला आडवी येते आणि फुटते. तोच ए-४ आधी आडवा कापून दोन ए-५ तुकडे केले आणि प्रत्येकाची ए-६ घडी घातली, तर घडी चालीबरोबर येते आणि सरळ बसते. पुष्कळांना वाटतं की छोटी कार्डं आपल्या हाताला जास्त जमतात. त्यात हाताचा वाटा थोडा, तंतूंचा मोठा.

आडवी घडी टाळता येत नसेल तर आधी पन्हाळी पाडावी. पट्टीला लावून संपलेल्या बॉलपेनने किंवा बोथट सुईने रेघ दाबली की मागच्या बाजूला बारीक फुगवटा येतो. घडी घालताना तो फुगवटा आत ठेवायचा. पुष्कळ लोक नेमकं उलटं करतात, कारण कागद रेघेच्या बाजूला दुमडणं डोळ्यांना स्वाभाविक वाटतं.

टिकाऊपणाबद्दल पाकिटावर बरेच शब्द छापलेले असतात. ‘आम्लमुक्त’ आणि ‘लिग्निनमुक्त’ हे दोन वेगळे आहेत आणि आठवणींच्या वहीसाठी दोन्ही हवेत. आम्लाचा इतिहास १८०७ पर्यंत मागे जातो. जर्मनीत मोरिट्झ फ्रीडरिश इलिग यांनी राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळून कागद शाईयोग्य करण्याची कृती प्रसिद्ध केली. स्वस्त आणि सोपी म्हणून ती जगभर पसरली. तुरटीतून हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते तंतू खातं. म्हणूनच पेशवे दफ्तरातले मोडी कागद आजही हातात घेता येतात, आणि वाचनालयातली शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी पान उलटताना पापडासारखी मोडते. आज पुष्कळ कारखाने अल्कधर्मी पद्धत वापरतात आणि लगद्यात चुनखडीची भुकटी घालतात. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात तर निदान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षार शिल्लक असावा, अशी अटच आहे. नातीच्या बारशाचा फोटो चिकटवायचा असेल तर हे बघावं. वाढदिवसाच्या कार्डाला, जे आठवडाभर टीव्हीशेजारी उभं राहून मग खणात जाणार, त्याला यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

शुभ्रपणाच्या मोहातही पडू नये. काही कागद निळसर, झगझगीत पांढरे दिसतात ते चकाकी आणणाऱ्या रसायनामुळे, जे अतिनील किरण गिळून निळा उजेड सोडतं. कपड्यांच्या पावडरीतही तसलीच युक्ती असते. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली असा कागद निळा उजळतो. खऱ्या नोटेचा कागद मात्र कापसाचा आणि चकाकीविना, म्हणून काळवंडलेला दिसतो. झगझगीत कागद वाईट नसतो, पण ही चकाकी काही वर्षांत ओसरते. एकाच कार्डावर दोन दुकानांतले पांढरे वापरले तर एक शुभ्र आणि दुसरा पिवळट दिसतो. पांढरा कागद एकदाच, एकाच गठ्ठ्यातून घ्यावा.

राहिला पैशाचा प्रश्न. हौशी माणसाने हस्तकलेच्या दुकानातून दहा-दहा पानांची पाकिटं घेणं हा सर्वांत महाग मार्ग. त्या पाकिटात कागदाइतकीच वेष्टनाची आणि नावाची किंमत असते. कागदाचा घाऊक बाजार वजनावर चालतो. व्यापाऱ्याकडे २० बाय ३० किंवा २२ बाय २८ इंची पूर्ण ताव मिळतो, आणि त्याचं वजन काढायचं सूत्र छापखान्यातल्या पोरालाही पाठ असतं: लांबी आणि रुंदी इंचांत, गुणिले जीएसएम, भागिले १५५०. म्हणजे २२ बाय २८ चा ३०० जीएसएमचा ताव ११९ ग्रॅमचा, किलोत आठ ताव. नीट आखला तर एका तावातून पाच ए-४ निघतात, तीन उभे आणि दोन आडवे. आठ तावांचे चाळीस ए-४ आणि त्यांची ऐंशी छोटी कार्डं. भाव किलोला १२० रुपये धरला तर एका कार्डाचा कागद दीड रुपयात बसतो. दहा पानांचं पाकीट दीडशे रुपयांना धरलं तर तेच कार्ड साडेसात रुपयांचं. हे दर नुसते हिशेबापुरते. ते आपल्या गावातल्या भावाने बदलून बघावेत, अंतर फार कमी होत नाही.

सगळ्यांनाच गठ्ठा नको असतो, हे खरं. त्यांच्यासाठी छापखाना आहे. पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं छापणाऱ्याकडे कापून उरलेल्या पट्ट्यांचे ढीग पडलेले असतात. उत्तम प्रतीचा कागद, त्यात लेप नसलेलाही, ३०० जीएसएमचा, पण चार-सहा इंची. त्याच्या दृष्टीने ती रद्दी, ठसेवाल्यांच्या दृष्टीने आयते थर आणि नावाच्या चिठ्ठ्या. लग्नसराई संपता संपता गेलं आणि दोन शब्द गोड बोललं, तर पिशवी भरून मिळते. शिवाय त्याच्याकडे कापायचं मोठं यंत्र असतं. घरी कात्रीने दोन तास लागतील ते काम तिथे एका दाबात आणि काटकोनात होतं.

घरी आणल्यावर कागदाचा वैरी म्हणजे पावसाळा. कागद हवेतला ओलावा पितो आणि चालीला आडवा फुगतो, म्हणून जुलैत कोकणात किंवा मुंबईत शीट उभ्या ठेवल्या तर त्यांची होडी होते. त्या सपाट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर वजन ठेवून ठेवाव्यात. आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर उत्तम. ओलसर कागदावर एम्बॉसिंगची भुकटी नको तिथे चिकटते, तर आधी गरम हवेने तो जरा सुकवून घ्यावा. आणि कसर! खळ लावलेला कागद हे तिचं पक्वान्न आहे, तेव्हा पिशवी अधूनमधून उघडून बघावी.

शेवटचं एक सांगणं तावाच्या कापणीबद्दल. वरच्या हिशेबात तीन ए-४ उभे निघतात आणि दोन आडवे. म्हणजे तिघांची चाल एक आणि दोघांची दुसरी. कापून गठ्ठा केला की ते ओळखू येत नाहीत, आणि मग पाचातली दोन-तीन कार्डं घडीवर फुटतात. यंत्राखाली देण्याआधी तावाच्या मागच्या बाजूला चालीच्या दिशेने पेन्सिलीचे बाण काढून ठेवावेत, प्रत्येक भावी ए-४ वर एक. लांबीकडे बाण असलेली पानं ए-६ कार्डांना वापरावीत, रुंदीकडे बाण असलेली ए-५ ला.